आजोबांचा कॉन आणि माझा यामाहा : दुरुस्तीच्या नोंदी

20 नोव्हेंबर 2024, पारोळा

सकाळी भुसावळला मत टाकलं, माझ्या रेल्वे इंजिनांच्या शेडला सुट्टी होती, म्हणून गाडी काढली आणि पारोळ्याला मामांकडे गेलो. मामा अठ्ठ्याहत्तरचे. बॅन्ड बंद करून बारा वर्षं झाली, तरी गावात अजून ‘मास्तर’च म्हणतात. माळ्यावर मीच चढलो. सुतळीने बांधलेली पेटी, आत उंदरांनी कुरतडलेलं मखमली अस्तर, आणि त्यात काळाठिक्कर पडलेला ऑल्टो सॅक्सोफोन. आजोबांचा.

मामा सांगतात, भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाचाच्या कार्यक्रमांना वाजवणारा एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून निघाला, त्याच्याकडून आजोबांनी तो घेतला. किती रुपयांना, यावर घरात दोन मतं आहेत. मामी तिसरंच सांगतात.

माझा यामाहा वायएएस-280 सोबत नेला होता. मामांनी ऐकला, मान हलवली. म्हणाले, ‘‘चांगला शे. पन तुना जपानी बाजामा तो आवाज नही.’’ (भोंग्याखाली इंडोनेशिया लिहिलंय, पण मामांना ते कोण सांगणार.) ‘तो आवाज’ म्हणजे नक्की काय, हे बघायचं ठरवलं. आजोबांचा बाजा आधी नीट वाजता करायचा, मग दोन्ही शेजारी ठेवायचे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत.

24 नोव्हेंबर

आज नुसतं बघणं. शेडमध्ये लोकोचं काम हाताशी घेण्याआधी जे करतो तेच, पाना नंतर.

अंगठ्याच्या हुकाखालची काळजी आधी मिटवली. तिथे थराखाली अक्षरं होती, मऊ फडक्याने पुसत गेलो तसं दिसलं : पेटंटची तारीख 8 डिसेंबर 1914, पेटंटचा क्रमांक 1119954, बाज्याचा नंबर, ऑल्टोचा ए आणि शेवटी एल. हा एल बघून जीव भांड्यात पडला. एल म्हणजे लो पिच, आजचाच 440 हर्ट्झचा प्रमाण सूर. तिथे एच असता तर काम तिथेच थांबलं असतं. त्या काळात फौजी बॅन्डांसाठी चढ्या सुराचे बाजे निघत, आणि ते आजच्या कॅसिओशी कशानेही जुळत नाहीत. माउथपीस बाहेर ओढला की एक सूर जुळतो आणि बाकीचे सगळे रुसतात, कारण छिद्रांची अंतरंच वेगळी. जुना सॅक्सोफोन घेणाऱ्याने भोंग्यावरची नक्षी बघण्याआधी हे एक अक्षर बघावं.

बाजा अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या कॉन कंपनीचा, न्यू वंडर. 1920च्या दशकातला. पितळेवर चांदीचा मुलामा. छिद्रांच्या कडा बाहेर वळवून गोल केलेल्या, पितळी वाटीच्या काठासारख्या. वरचं पेटंट मात्र या वळवलेल्या कडेचं नाही, छिद्रांच्या कडा नळीच्याच पितळेतून ओढून काढण्याचं.

बॅन्डवाल्यांच्या दुरुस्त्या मोजल्या. एफची स्प्रिंग शिवणयंत्राच्या सुईची. जी शार्पला रबरबँड, तोही विरघळून चिकटलेला. छिद्रं झाकणाऱ्या पॅडपैकी दोन सायकलच्या ट्यूबचे. एका खांबाच्या बुडाशी एम-सीलचा गोळा, त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा अजून शाबूत. आजोबांचा असेल म्हणून त्याचा फोटो काढून ठेवला.

खालच्या वळणात काहीतरी अडकलं होतं. तारेने काढलं, तर बाटलीच्या बुचाचा तुकडा, दोऱ्याने गुंडाळून काळा झालेला. लग्नात कुणा पोराने टाकला असेल. फिटरच्या सवयीने फेकला नाही, स्क्रूंच्या डब्यात टाकला.

30 नोव्हेंबर

दुरुस्तीआधी एकदा दोन्ही वाजवले. कॉनचा मधला सा जेमतेम निघतो, त्याच्या खाली नुसती हवा. आणि तरी गंमत अशी की त्या फुसक्या आवाजालाही घरातल्यांनी ‘जुना, मऊ’ म्हटलं. गळक्या पॅडमधून वरचे तीक्ष्ण अंश निसटतात आणि जे उरतं त्याला आपण जुन्याचा गोडवा म्हणतो. अशी तुलना करायची नाही, एवढं आज ठरलं.

8 डिसेंबर

सगळा खोलला. दांड्या, पॅड धरणाऱ्या वाट्या, स्क्रू प्लायवूडच्या फळीवर क्रमाने टाचले आणि प्रत्येकाखाली मुलीने पेन्सिलने नाव लिहिलं. चार स्क्रू अजिबात हलेनात. गंज सोडवायचं तेल रात्रभर लावून ठेवलं, सकाळी तीन सुटले. चौथ्याला सोल्डरिंगच्या बंबाची ऊब द्यावी लागली.

माउथपीस ज्यावर बसतो त्या मानेवर एक फिरती कडी आहे, तिला मायक्रोट्यूनर म्हणतात. फिरवली की माउथपीस हलवल्याशिवाय मान किंचित लांब-आखूड होते. कल्पना झकास, पण कडीतून हवा गळते, म्हणून पुढे ती मागे पडली. आमची कडी तर जाम झालेली. तेल, ऊब, तेल, ऊब, असं तीन दिवस.

चांदी घासायची नाही. जळगावच्या सराफ बाजारातल्या ओळखीच्या कारागिराला दाखवला. त्याने नखाने टोकरून सांगितलं की मुलामा कागदासारखा आहे, भांड्यांची पावडर लावली की खाली पितळ दिसेल. काळा राहू द्या, चालतंय.

15 डिसेंबर

पॅड. ऑल्टोला पंचवीसेक लागतात. पहिला मागवलेला संच जाड निघाला. विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘सर थोडा दबा के बिठाओ’. वळवलेल्या कडांवर दाबून काही बसत नाही. सरळ कडेची छिद्रं वाकडी असली तर कानस मारून सपाट करता येतात, पण वळवलेल्या कडेला कानस लावली की गोलाई जाते आणि पितळ उघडं पडतं. नळीच आतून हळूहळू ठोकून छिद्र सपाटीला आणायचं, उरलेली चूक पॅडने पोटात घ्यायची. माझ्या यामाहाची छिद्रं सरळ कडेची. नळीत आतून गोळा घालून पितळ बाहेर ओढतात आणि वरून सपाट कापतात. दुरुस्त करणाऱ्याचं आयुष्य त्याने सोपं होतं. आवाजाचं म्हणाल तर कडेच्या गोलाईने फरक पडत असला तरी माझ्या कानाला तो सापडलेला नाही.

दुसरा संच बरोबर आला. वाटीत पॅड चिकटवायला लाख लागते. बाहेर लोक तिच्या तयार कांड्या विकत घेतात. मी फर्निचर पॉलिशवाल्याकडून पन्नास रुपयांची चपडी आणली आणि स्टीलच्या पळीत वितळवून कांड्या वळल्या. घरात दोन दिवस वास. सौ.ने पळी परत घ्यायला नकार दिला.

29 डिसेंबर

पॅड बसवणं म्हणजे नुसती चिकाटी. नळीत दिवाळीच्या एलईडीची माळ सोडायची, खोलीत अंधार करायचा, वाटी हलकेच मिटायची आणि कुठून उजेड झिरपतो ते बघायचं. वाटीच्या पाठीला ऊब द्यायची, लाख सैल झाली की पॅड केसभर कलता करायचा. मग पातळ कागदाची पट्टी कडेखाली धरून ओढायची. चारही बाजूंनी सारखी अडकली तर पॅड बसला. हा कागद पानटपरीवर मिळतो, सिगारेट वळायचा. माझ्यासारख्या माळकऱ्याने तो मागितल्यावर टपरीवाल्याने माझ्याकडे दोनदा बघितलं.

एक उजेड मात्र तीन संध्याकाळी हटेना. शेवटी लक्षात आलं की या जुन्या बाज्याला एक जास्तीचं छिद्र आहे, ई फ्लॅट वेगळ्या बोटांनी काढता यावा म्हणून. आजच्या बाज्यांत ते नसतं. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. आजोबांनी तिथेच ट्यूबचा तुकडा घालून ती वाटी कायमची बंद केली होती, आणि मी मोठ्या हौसेने ती उघडून ठेवली होती. पुन्हा बंद केली.

रात्री पावणेबाराला खालचा बी फ्लॅट निघाला. खिडकीची काच थरथरली. शेजारचे रिटायर्ड ड्रायव्हर काका उठले आणि कोणती गाडी म्हणून विचारून गेले.

5 जानेवारी 2025

थंडी. गच्चीवर सकाळी थर्मामीटर 11 दाखवतोय. दोन्ही बाजे उतरलेले, फुंकून फुंकून गरम केल्याशिवाय सुरावर येत नाहीत. आकडे लिहून ठेवले, एप्रिलमध्ये कामी येतील.

12 जानेवारी

आज नुसती बांधणी. दोन्ही पलंगावर आडवे टाकले.

कॉनच्या भोंग्यावरच्या दोन मोठ्या वाट्या, खालचा बी आणि बी फ्लॅट, भोंग्याच्या दोन बाजूंना आहेत. यामाहाच्या दोन्ही उजवीकडे. पॅरिसच्या सेल्मर कंपनीने 1936 मध्ये ‘बॅलन्स्ड अॅक्शन’ आणला, तेव्हा या वाट्या उजवीकडे गेल्या. त्यामुळे करंगळीकडून निघणाऱ्या दांड्या नीट एका रांगेत आल्या आणि दाबायला लागणारा जोर कमी झाला. 1948 च्या त्यांच्याच पुढच्या मॉडेलात डाव्या आणि उजव्या हाताच्या वाट्या एका सरळ रेषेतून काढून किंचित फिरवल्या, मनगट सरळ राहावं म्हणून. मग 1954 मध्ये त्यांचाच मार्क सिक्स आला, आणि आज जगात कुठेही बनणारा सॅक्सोफोन बराचसा त्याचाच नातू असतो. माझा यामाहाही. कॉन मात्र या सगळ्याच्या आधीचा. त्याच्यावर डाव्या करंगळीचा पत्रा म्हणजे बैलगाडीचा जू. जी शार्पवरून खालच्या बीवर सरकताना बोट अक्षरशः ढकलावं लागतं. यामाहावर तिथे रूळ आहेत, बी फ्लॅटचा पत्रा बोटाबरोबर कलतो.

कॉनचा वरचा सूर एफपर्यंत, यामाहाला त्यावर एफ शार्प. वरातीत कुणी तिथे जात नाही, पण विकत घेताना सगळे विचारतात.

यामाहाचा भोंगा, वळण आणि नळी कड्या आणि स्क्रूंनी जोडलेली, सोडवता येतात. कॉनचं डाख (सोल्डर) देऊन जोडलेलं काम. बाजा पडला आणि वळणाला पोचा आला तर यामाहावाला स्क्रू काढतो, कॉनवाला देवाचं नाव घेतो.

19 जानेवारी

शेडमधल्या जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. वरणगावहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने छातीठोक सांगितलं की जुने बाजे गोड वाजतात, कारण ते महायुद्धातल्या तोफांच्या पुंगळ्या वितळवून केले. वरणगावात काडतुसांचा कारखाना असल्याने या विषयावर त्यांचा अधिकार मोठा. ही गोष्ट सेल्मरच्या मार्क सिक्सबद्दल जगभर सांगतात. आजोबांचा कॉन दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, तेव्हा ती त्याला लागूच होत नाही. शिवाय काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त, आणि सॅक्सोफोनचं नेहमीचं पितळही तेच. वितळवलं की पुंगळीला आपण पुंगळी होतो हे आठवत नसतं.

धातूच्या आवाजाबद्दल मी स्वतः बरीच वर्षं भाविक होतो. पण जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1971 मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड अशा तिन्हींच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या करून लोकांना ऐकवल्या, तेव्हा कुणाला त्या ओळखता आल्या नाहीत. आणि जॅझचा मोठा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने 1953 मध्ये टोरांटोत मॅसी हॉलला प्लॅस्टिकचा ग्राफ्टन सॅक्सोफोन वाजवला. बासरीचा नियम सॅक्सोफोनला तंतोतंत लावू नये हे मान्य. पण आवाज नळीच्या आतल्या हवेचा, आणि त्या हवेला आकार कळतो. तेव्हा शोधायचा तर आकार शोधायचा.

सहकारी म्हणाले, ‘‘भाऊ, मग तू चांदीचा मुलामा का जपतोस?’’ उत्तर सुचलं नाही. चटणी पुढे केली.

2 फेब्रुवारी

जुळेना. माझा वरातीचा माउथपीस अरुंद पोटाचा, आत उंचवटा असलेला, चिरका आणि मोठ्या आवाजाचा. यामाहावर ठीक. कॉनवर लावला की खालचं सप्तक बरोबर केलं तर वरचं पळतं आणि वरचं धरलं तर खालचं बसतं. मुलगी फोनवरच्या ट्यूनरकडे बघून आकडे लिहितेय आणि प्रत्येक ओळीला भुवई उंचावतेय.

कारण भूमितीत आहे. सॅक्सोफोनची नळी शंकूची. शंकूचं टोक कापून तिथे माउथपीस बसवलेला असतो, आणि त्याच्या आतली पोकळी साधारण त्या कापलेल्या टोकाएवढी भरली पाहिजे, तरच दोन सप्तकं एकमेकांना ओळखतात. क्लॅरनेटवाले सॅक्सोफोनवर आले की गडबडतात ती याच शंकूमुळे. क्लॅरनेटची नळी सरळ, तिथे वरच्या पट्टीत बारावा सूर उडतो, इथे आठवा. कॉन ज्या काळात घडला त्या काळचे माउथपीस मोठ्या, गोल पोटाचे. माझा आजचा, बारीक पोटाचा. दोष कॉनचा नाही, मी त्याला दुसऱ्याचे दात लावले होते.

मूळ माउथपीस पेटीच्या कप्प्यात आहे, एबोनाइटचा. आणि इथे मी मूर्खपणा केला. आत शंभर वर्षांचा थर म्हणून कढत पाण्यात टाकला. दोन मिनिटांत काळा माउथपीस शेवाळी झाला आणि न्हाणीघरभर गंधकाचा वास. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याला ऊन आणि गरम पाणी वर्ज्य, हे मला माहीत होतं. माहीत असून टाकला. आकार बिघडला नाही हे नशीब. मामांना रंग दिसणार आहे.

16 फेब्रुवारी

शेवाळी माउथपीस कॉनवर लावला आणि दोन्ही सप्तकं एका दमात जुळली. वरच्या डीमध्ये थोडी ओढ आहे, ती ओठांनी सांभाळता येते. आवाज गोल, अंधारा, जाड कांबळीसारखा. मी पाच मिनिटं काही न बोलता एकच सूर धरून बसलो.

मग उलट केलं. तोच माउथपीस, त्यावरची तीच रीड (थरथरणारी पातळ पट्टी) यामाहावर. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘आजोबांचा छान वाजतोय आता.’’

माझं अवसान तिथेच गळालं. अडीच महिने ज्याचे पॅड बसवले त्याच्या नावाची शाबासकी दुसऱ्यालाच मिळाली. लोक माउथपीसबद्दल बोलत नाहीत आणि नळीबद्दल बोलत राहतात. ‘तो आवाज’ मोठ्या पोटाच्या माउथपीसमध्ये होता, निदान बराचसा.

मुलीने दोन्हीचे ध्वनिमुद्रण आलेखावर टाकलं. एकाच माउथपीसने काढलेल्या दोन बाज्यांच्या रेषा जवळजवळ येतात. एकाच बाज्यावर दोन माउथपीस लावले की त्या लांब जातात. तिने हे ‘बाबा हरले’ या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलंय.

9 मार्च, पारोळा

पडद्याआडची परीक्षा. मामांच्या पुढच्या खोलीत दोरीवर सोलापुरी चादर टाकली, मी मागे. ऐकायला मामा, कॅसिओवाला, तबलजी आणि सौ. दोन्ही बाज्यांना तोच माउथपीस, तीच रीड. क्रम मुलगी नाणं उडवून ठरवणार. सहा वेळा तीच चार ओळींची चाल.

कॅसिओवाल्याचे तीन बरोबर, तबलजीचे दोन, सौ.चे तीन. मामांचे सहाच्या सहा. चेहऱ्यावर मास्तरांचं ते जुनं हसू.

मी हरलो असं मानून चादर काढणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, आता नुसते लांब सूर, बोटं न हलवता. पुन्हा सहा. मामांचे तीन. मामांनी स्वतःच विचार केला, आणि मग जोरात हसले. पहिल्या वेळी त्यांनी सूर ऐकलेच नव्हते, खडखड ऐकली होती. कॉनच्या लांब दांड्या, मोठ्या वाट्या, शंभर वर्षांची ढिलाई, प्रत्येक बोटाबरोबर एक बारीक ‘टक’ येतो. लहानपणी ते आजोबांच्या शेजारी झोपायचे आणि आजोबा रात्री फुंकर न घालता नुसती बोटं फिरवून चाली बसवायचे. तो आवाज पाठ होता त्यांना.

जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत. माउथपीसच्या रंगाचा विषय मामांनी काढला नाही. मीही नाही.

23 मार्च

ऐकणाऱ्याला फरक कमी, वाजवणाऱ्याला जास्त, हे मात्र रोज पक्कं होत चाललंय. कॉनचे खालचे सूर छातीत लागतात, आणि आवाज कमी-जास्त करताना तो प्रत्येक टप्प्यावर रंग बदलतो. यामाहा वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा, पटकन बोलणारा, आज्ञाधारक. ऐकणाऱ्याला न कळणारा हा फरक खरा की खोटा, यावर मी माझ्याशीच दोन दिवस भांडतोय. माझं मत असं की खरा. माणूस ज्या बाज्याशी झगडतो त्यावर वेगळं वाजवतो, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं, पण पडद्यामागून चार ओळींत नाही.

आणि एक नवीनच दुखणं. पॅड सगळे बसले, उजेड कुठेही नाही, तरी खालचा बी धरला की सूर थरथरतो. मोटारबोटीसारखा, गुर्रर्र गुर्रर्र. जोराने फुंकलं की जास्त. गळत होता तेव्हा तो सूर निघतच नव्हता, म्हणून तेव्हा कळलं नाही. दोनदा पॅड तपासले, मानेचा सांधा तपासला. काही नाही.

20 एप्रिल, चोपड्याजवळ

एका ओळखीच्या बॅन्डमालकाने वरातीत दोन तास उभं राहू दिलं. तास-तास दोन्ही. सावलीत 42.

जानेवारीच्या आकड्यांशी ताडून बघितलं तर दोन्ही बाजे वर चढलेले, जवळपास पंचवीस सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा चौथा भाग. गरम हवेत आवाज वेगाने धावतो, नळी तेवढीच राहते, सूर चढतो. फुंकरीची ऊब नळीत असतेच, म्हणून बाहेर तीस अंशांचा फरक असूनही पुरता चढत नाही. कॅसिओला मात्र उन्हाळा नाही. दोन्ही माउथपीस बाहेर ओढावे लागले, आणि इथे कॉनची ती फिरती कडी पहिल्यांदा उपयोगी पडली. चालता चालता, एका बोटाने.

बाकी सगळीकडे यामाहा जिंकला. कॉनचा जी शार्पचा पॅड घामाने चिकटला, करंगळी आखडली. एकदा भोंगा ट्रॉलीच्या कोपऱ्याला लागता लागता वाचला तेव्हा मी वाजवणं सोडून त्याला कवेत घेतलं. आणि आवाजाचं तर विचारूच नका. भोंग्याला चिमट्याचा माईक, तिथून ट्रॉलीवरचा अॅम्प्लिफायर, त्याच्यावर घुमारा. त्यातून आजोबा, यामाहा, अरुंद माउथपीस, रुंद माउथपीस, सगळे एकाच पिपाणीतून आल्यासारखे बाहेर पडतात. आजोबांच्या काळी मधे काही नव्हतं, भोंगा आणि वेशीपर्यंतची हवा.

नवरदेवाच्या मामाने वीस रुपये ओवाळून दिले. कॉनवर असताना दिले, एवढं नोंदवतो.

30 एप्रिल, आखाजी, पारोळा

अंगणात निंबाला झोके बांधलेत, पोरी गाणी म्हणतायत. आत पुरण शिजतंय. मामांना बाजा हातात दिला. दम नाही, पण बोटं बसली. फुंकर न घालता खालपासून वरपर्यंत एकदा फिरवली. टक टक टक.

मग मला वाजवायला सांगितलं. खालच्या बीवर गुर्रर्र झालं आणि मी ओशाळून थांबलो. म्हटलं, मामा, बाकी सगळं झालं, एवढं एक कळत नाही.

मामांनी विचारलं, ‘‘बूच कथा शे?’’ (बूच कुठे आहे?)

कुठलं बूच?

‘‘खालना वळणमा बूच व्हतं. आबानी मुद्दाम टाकेल व्हतं.’’

गाडीतून स्क्रूंचा डबा आणला. तळाशी तो काळा, दोरा गुंडाळलेला तुकडा. मामांनी तो जिभेने ओला केला, भोंग्यातून आत सोडला, बाजा दोनदा झुलवला. ऐकून अंदाज घेतला, पुन्हा थोडा कलवला आणि माझ्याकडे दिला. वळणातली जागा अगदी किंचित कमी झाली की खालच्या सुरांचे वरचे अंश पुन्हा जागेवर येत असावेत. मी बी धरला. सूर सरळ, पेटीच्या सुरासारखा, हलला नाही. बी फ्लॅट धरला. तोही.

झोक्यावरच्या पोरी थांबून बघायला लागल्या. मामी आतून म्हणाल्या की पुरण वाटून झालं, आता ते वाजवणं बंद करा आणि हात धुवा.

राहिलेली कामं : जी शार्पला नवी स्प्रिंग, रबरबँड नको. एम-सीलचा गोळा तसाच ठेवायचा. बुचाला नवा दोरा लावायचा नाही.